स्मरणचित्रातला काळा त्रिकोण

विषय 'आठवडे बाजार' असो, 'बसस्थानक' असो की 'रेल्वेचा फलाट', स्मरणचित्रांचा गठ्ठा तपासायला घेतला की थोड्या थोड्या कागदांनंतर एक काळा त्रिकोण भेटतोच. बाटलीतला काळा पोस्टर कलर थेट ब्रशवर घेतलेला, त्रिकोणाच्या टोकाला एक गोल, गोलात पांढरी फट आणि फटीत दोन टिंबं. हात नाहीत, पाय नाहीत, पिशवी नाही. शेजारच्या टोपलीवाल्या मावशीच्या पातळाला निऱ्या असतात, कपाळावर कुंकू असतं. भाजीवाल्याच्या टोपीची घडीसुद्धा मुलं विसरत नाहीत. आणि त्यांच्या मधोमध ही बाई, जिला ना वय आहे ना काही काम. आमच्या शाळेतली मुलं तिला अशी काढतात. ज्यांच्या घरातून आई आणि खाला रोज बुरखा घालून बाहेर पडतात, ती मुलंही अशीच काढतात.

मी कलाशिक्षिका आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात माझी शाळा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी आमची मुलं बसतात. इंटरमीजिएटची श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे एरवी चित्रकलेच्या तासाला नाक मुरडणारे पालकही ब्रश आणि रंग आणून देतात. त्यातला स्मरणचित्राचा पेपर दोन तासांचा. समोर मांडलेलं काही नसतं, पाहिलेलं आठवून काढायचं. विषयात माणसं आलीच, आणि माणूस म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो तो चेहऱ्याचा आणि बोटांचा. बुरख्यातली बाई काढली की चेहराही टळतो, बोटंही टळतात, आणि आकृती मोजली जाते.

पण एवढंच कारण असतं तर मला त्याचं इतकं वाटलं नसतं. स्मरणचित्रात मूल काय पाहतं ते कळतं. असा काळा त्रिकोण एसटी स्टँडवर कुणी कधी पाहिलेला नाही. तो दुसऱ्याच्या चित्रातून उचललेला असतो. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र काढून बघा, बुरख्यातल्या बायकांच्या रांगेचा फोटो असतो. तलाकची बातमी असली तरी तसाच फोटो, बहुतेकदा पाठमोरा. मुलांच्या डोळ्यांत तो फोटो बसलाय, आणि रोज शेजारून जाणारी बाई मात्र बसलेली नाही. चित्रकलेची शिक्षिका म्हणून हे मला सहन होत नाही.

गेल्या पावसाळ्यात, परीक्षा तोंडावर आली असताना, गावातल्या मुलींच्या उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, त्यांच्याकडे कलाशिक्षकाचं पद रिकामं आहे, तर सराववर्ग एकत्र घेता येईल का. सगळ्या शाळांतून हीच रड आहे, चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाला की ती खुर्ची भरलीच जात नाही. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही हॉलमध्ये पट्ट्या अंथरल्या. त्यांच्या मुली आल्या. काहींनी बुरखे दाराशी काढून, घडी करून दप्तरात ठेवले. काहींनी डोक्यावरचा हिजाब तसाच ठेवला. दोघीतिघी नुसती गणवेशाची ओढणी घेऊन आल्या होत्या. मी फळ्यावर विषय लिहिला: 'बसस्थानकावरील दृश्य'.

अर्धा तास झाल्यावर मी ओळींतून फिरायला लागले. नववीतल्या एका मुलीच्या पॅलेटपाशी थांबले. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या पॅलेटमध्ये काळा रंगच नव्हता. प्रशियन ब्ल्यूमध्ये ती बर्न्ट अंबर कालवत होती, त्यात कणभर क्रिमझन.

"काळा संपला का गं?"

"नाही टीचर, आहे ना. पण बुरखा काळा नसतो."

मी तिच्याजवळ खाली बसले. मान वर न करता, ब्रश चालवत तिने सांगितलं. नवीन असतो तेव्हा निळसर दिसतो. धुऊन धुऊन आणि गच्चीवर वाळवून खांद्यावर तांबूस पडतो. घेराला खाली धूळ धरते, तिथे तो राखाडी. बसून बसून मागे चकाकायला लागतो. जॉर्जेटचा असेल तर वारा लागला की आतला सलवारीचा रंग झिरपतो, निदा नावाच्या कापडाचा असेल तर जड पडतो, हलत नाही. तिची अम्मी घरी बुरखे शिवते. सुरतेहून ताग्याने कापड येतं, मुलगी शाळेतून घरी गेली की लेस लावायला आणि खडे चिकटवायला बसते.

आणि चित्र! एक बाई बसच्या पायरीवर पाय टाकते आहे. एका हाताने तिने बुरख्याचा घेर मुठीत धरून वर उचललाय, त्यामुळे खाली पोपटी सलवार आणि एक सँडल दिसतेय, सँडलचा पट्टा निसटलेला. दुसऱ्या हाताने ती एका पोराला दंडाला धरून वर ओढतेय, आणि पोराची मान मागे, कुल्फीच्या गाडीकडे. बाकावर दुसरी बाई केळं खातेय. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नकाब चार बोटं पुढे धरलाय आणि उजव्या हाताने घास आत चाललाय. तिच्या शेजारी एक म्हातारी, बुरखा पार विटलेला, नकाब नाही, दात नाहीत, आणि ती पलीकडच्या नऊवारीतल्या आजीबरोबर तंबाखूची डबी उघडून बसलीय. मागे कॉलेजातली एक मुलगी गॉगल लावून मोबाईलमध्ये. चौघींत दोन चेहरे पूर्ण झाकलेले, पण कोण घाईत आहे, कोण दमलीय, कुणाला बसची फिकीर नाही, ते लांबून कळत होतं.

पाणी घेऊन आलेल्या आमच्या शिपाईमामांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं आपलंच ष्टँड आहे ना, मॅडम! कुल्फीवाला तिथंच उभा राह्यतो."

मग मुलं गोळा झाली. आमच्या नववीतल्या एकाने सरळ विचारलं, "पण सगळ्या सारख्याच तर दिसतात. तुला ओळखू कशा येतात?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळे एकाच गणवेशात असता. तरी तुमच्या मॅडम लांबून नाव घेऊन हाक मारतात ना? चालण्यावरून कळतं. खाला डावा पाय जरा फेकून टाकते."

त्यावर आमच्या मुली बोलायला लागल्या. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढे जातो. जळगाव, भुसावळ, सावदा, कुठेही बघा, स्कूटीवरची प्रत्येक मुलगी स्कार्फने डोकं, तोंड, मान गच्च बांधून, हातमोजे चढवून, गॉगल लावून जाते. एक डोळाही दिसत नाही. एक मुलगी म्हणाली की तिची ताई अशी रस्त्याने गेली तर आई ओट्यावरून ओळखते. दुसरी म्हणाली, "पण माझ्या ताईला कुणी विचारत नाही, तुला घरच्यांनी बांधायला लावलं का म्हणून." मी तिथेच सांगितलं की ऊन आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. पण झाकलेल्या चेहऱ्यामागचा माणूस आपल्याला ओळखता येतो, ही गोष्ट मुलींनी स्वतःच्या घरातून शोधली होती. मला ती फार मोलाची वाटली.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक चित्र होतं. आमच्याच शाळेतल्या, डोंगराच्या कडेच्या पाड्यावरून येणाऱ्या एका तडवी मुलीचं. तिने दवाखान्याची पिशवी घेतलेली एक बाई काढली होती, हिरवं पातळ, डोक्यावर पदर, हातात बांगड्या. बाजूच्या मुलाने विचारलं, ही कोण. "माझी मामी. रोजा धरते, कालच मशिनीवर मीठ-मिरची दळून आली." तो म्हणाला, "ही कुठे मुसलमान दिसते?" तडवी भिल्ल यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, इस्लाम पाळतात, आणि त्यांच्या बायका साडी-लुगडं नेसून शेतात जातात. खानदेशात राहून हे माहीत नसणारी माणसं पुष्कळ आहेत. त्या मुलीने काही वाद घातला नाही. मामीच्या पातळाचे काठ ती पुन्हा रंगवायला लागली.

मला राहवेना. संगणक कक्षाची किल्ली मागवली, प्रोजेक्टर लावला आणि दोन्ही शाळांच्या मुलांना तिथे नेलं.

आधी दाखवली ती शादी गदिरियान. तेहरानची छायाचित्रकार, जन्म १९७४. लग्न झाल्यावर संसाराच्या भेटवस्तू घरात आल्या आणि तिने २०००-०१ मध्ये 'लाइक एव्हरी डे' ही मालिका केली. फुलाफुलांच्या चादरीसारख्या कापडात बाई नखशिखांत गुंडाळलेली, आणि चेहऱ्याच्या जागी एक वस्तू. कुठे इस्त्री, कुठे झाडू, कुठे चहाचा कप, कुठे रबरी हातमोजा. मुली ओरडून वस्तूंची नावं सांगायला लागल्या. किसणी आली तशी आमच्या शाळेतली एक जण म्हणाली, "ही तर माझी आई." तिची आई डोक्यावर पदरही घेत नाही. या चित्रांतल्या बाईला परकी म्हणून बघता येत नाही. ती स्वयंपाकघरातून येते, आणि स्वयंपाकघर सगळ्यांकडे आहे.

मग हसन हज्जाज. मोरोक्कोत जन्म, लंडन आणि माराकेशला वास्तव्य. माराकेशमधल्या मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांची त्याने छायाचित्रं काढली, 'केश एंजल्स' नावाने. ठिपक्याठिपक्यांचे, भडक रंगांचे झगे, तोंडावर नकाब, डोळ्यांवर गॉगल, आणि बसायची ऐट अशी की मुलांनी शिट्ट्याच मारल्या. त्यातल्या कित्येक बायका बाजारात मेंदी काढून पोट भरतात. फोटोंच्या चौकटी शीतपेयांच्या आणि खाण्याच्या डब्यांनी मढवलेल्या. कॉलेजातली गॉगलवाली काढणारी ती मुलगी पडद्याच्या अगदी पुढे जाऊन बसली.

खरी चर्चा झाली ती येमेनच्या बुशरा अल्मुतवक्किलच्या मालिकेवर. आई, मुलगी आणि मुलीच्या मांडीवर बाहुली. पहिल्या छायाचित्रात रंगीत रुमाल आणि तिघींचं हसू. मग एकेका छायाचित्रात कपडा वाढत जातो, रंग काळा होत जातो, हसू जातं, चेहरे जातात, बाहुलीसुद्धा झाकली जाते. अखेरच्या चौकटीत कुणीच नाही, नुसता काळोख. ही मालिका २०१० ची, आणि जगभर फिरली. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका मागे उभ्या होत्या. बाहेर त्या स्वतः नकाब घेतात. मी जरा धास्तावले होते, त्यांना काय वाटेल म्हणून.

त्या म्हणाल्या, "हे मी माझ्या वर्गातही दाखवेन. पण मॅडम, दाखवायचे तर सगळे फोटो दाखवा. मोबाईलवर लोक शेवटचे दोनच फिरवतात. पहिल्या फोटोत डोक्यावर रुमाल आहे आणि दोघी हसताहेत, ते कुणी बघत नाही. तिला रुमालाबद्दल तक्रार नाही. ते थांबतच नाही, वाढतच जातं, लहान पोरीच्या बाहुलीपर्यंत जातं, त्याबद्दल तिची तक्रार आहे." बुशराचं स्वतःचं म्हणणंही हेच आहे. बुरख्याविषयीच्या ठोकळेबाज प्रतिमांना आपल्या कामाने खतपाणी मिळू नये, याची काळजी तिने बोलून दाखवली आहे. एवढ्या छोट्या खोलीत, इतक्या सरळ शब्दांत कुणी चित्र वाचून दाखवताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

इराणी कलावंत शिरीन नेशातची 'विमेन ऑफ अल्लाह' ही मालिका मी मुद्दाम दाखवली नाही. चेहऱ्यावर, हातांवर फारसी कविता लिहिलेल्या, 'चादर' या इराणी बुरख्यातल्या बायका आणि त्यांच्या हाती बंदूक. १९९३ ते ९७ मधली ती छायाचित्रं मोठी आहेत यात शंका नाही. पण इराणची क्रांती आणि इराकशी झालेलं युद्ध माहीत नसताना नववीच्या मुलाच्या लक्षात काय राहील? बुरखा आणि बंदूक. जे पुसायला बसलो तेच गडद होईल. कॉलेजच्या मुलांना मी ती दाखवेन, वेळ घेऊन.

शेवटी काबूलची शम्सिया हसानी. भिंतींवर चित्रं काढणारी, काबूल विद्यापीठात कला शिकवलेली. तिच्या बायकांचे डोळे मिटलेले असतात, तोंड नसतंच, पण हातात वाद्य असतं आणि त्या शहराहून उंच असतात. तालिबानने २०२१ मध्ये सत्ता घेतल्यावर तिला देश सोडावा लागला. २०२२ च्या मे महिन्यात तिथे बायकांनी चेहरा झाकलाच पाहिजे असा हुकूम निघाला. त्याच वर्षी आपल्याकडे उडुपीत हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात घ्यायचं की नाही यावरून वाद पेटला होता, तो आमच्या मुलींना चांगला आठवत होता. एकीने विचारलं, "टीचर, मग कोण बरोबर?" मी माझं मत सांगितलं: घाल म्हणून हुकूम करणारा आणि काढ म्हणून दाराशी अडवणारा, दोघांनीही त्या मुलीला विचारलेलं नसतं, आणि मी विचारणाऱ्यांच्या बाजूची आहे. यावर कुणी सहमत व्हावं असा आग्रह मी धरला नाही. तो तास चित्रकलेचा होता.

जाता जाता मी त्यांना फैजपूरची गोष्ट सांगितली, कारण फैजपूर आमच्या तालुक्यातलंच. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथे झालं, आणि गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखं गावातलंच साहित्य वापरून ती नगरी सजवली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी जी पोस्टरं केली त्यांत कामाला लागलेली साधी माणसं आहेत. ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, दळण दळणारी बाई. प्रत्येकाची कंबर त्याच्या कामाप्रमाणे वाकलेली. मी म्हटलं, कंबर बघा आणि हात बघा, मग चेहरा काढा.

सोमवारी मी निवडक चित्रं दर्शनी फलकावर लावायला घेतली. एक ज्येष्ठ सहकारी जवळ आले. माणूस मनाने चांगला आहे. "मॅडम, चित्र सुंदर आहे, पण हे दर्शनी कशाला? सध्याचं वातावरण बघता. आत वर्गात लावा ना." मी त्यांना सांगितलं, "सर, या फलकावर मागे कित्येक स्मरणचित्रं लागली, त्यांत ते काळे त्रिकोण होते. त्यावर कुणाचीच हरकत आली नाही." ते थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. मग पिना त्यांनीच धरल्या.

अडचण दुसऱ्या बाजूनेही आली, तीही सांगायला हवी. उर्दू शाळेतल्या एका मुलीच्या आजोबांनी निरोप पाठवला की नक्षीकाम, अक्षरलेखन खुशाल लावा, मनुष्याकृती भिंतीवर नको. काही घरांत सजीवांची चित्रं काढू नयेत असं मानतात. मुख्याध्यापिकांनी त्या मुलीचं संकल्पचित्र लावायला दिलं, आठ पाकळ्यांचं, रेघ न रेघ नेमकी, आणि ते फलकावरच्या उत्तम कामांपैकी होतं. स्टँडचं चित्र काढणाऱ्या मुलीच्या घरी मात्र मी आधी विचारून घेतलं होतं. तिची अम्मी म्हणाली, "लावा. मी येऊन बघते."

ती आली दुपारी, खांद्याला शिवलेल्या कपड्यांची पिशवी. कुठेतरी माल पोचवून परत चालली होती. फलकासमोर उभी राहिली. केळं खाणारी बघून तिने मुलीला दंडावर चापट मारली, "मी अशी खाते?" आणि खळखळून हसली. मग पुढे सरकून बसच्या पायरीवरच्या बाईवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे चुकलं. हात वर गेला की मुंढा ओढतो. कापड काखेतून असं तिरपं ताणतं, आणि घडी इथे पडते, कमरेवर. हिने सरळ पाडलीय. रोज माझ्यासमोर बसते आणि एवढं दिसत नाही?"

मी नीट बघितलं. तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं घड्यांचा अभ्यास शिकवतेय, पण कापड कुठून ओढ घेतं हे कातरणाऱ्याच्या हाताला जसं कळतं तसं मला कळत नाही. मी तिला विचारलं, एकदा वर्गावर येऊन मुलांना हे दाखवाल का, बुरखा अंगावर कसा पडतो, बसल्यावर, वाकल्यावर, चालताना. तिने मान हलवली. वेळ नाही, लग्नाच्या ऑर्डरी पडल्यात. मग पिशवीचा बंद सारखा करत म्हणाली, "तुम्हीच आणा मुलांना. मी मशीनवर बसलेली असेन, काढू देत काय काढायचं ते. मुली आत बसतील, मुलं ओट्यावरून बघतील. पण काम थांबवणार नाही, आणि हलू नका म्हणायचं नाही मला."

बुधवारी दुपारी जायचं ठरलं. मुलीने तोवर फलकावरून आपलं चित्र काढून घेतलंय, बाही दुरुस्त करायला.